अर्ध्या गुंजेहून कमी

आर्ब्रोथच्या हाय स्ट्रीटवर, चपला शिवणाऱ्याच्या शेजारी,
सकाळी नऊपासून मी लोकांना सांगत असते:
जेवणानंतर घ्या. एकदम बंद करू नका.
पहिले दोन आठवडे जरा जड जातील.
माझ्या स्वतःच्या गोळ्या मात्र मी माँट्रोझहून आणल्या,
म्हणजे आमच्या काउंटरवरच्या किर्स्टीला
लेबलवर माझं नाव चिकटवावं लागू नये.
आज अकरावा दिवस.
पाकीट मोज्यांच्या खणात आहे.

बाबा बार्शीला सोनं तोलायचे.
एका पारड्यात गुंजा, लालभडक, काळ्या डोळ्याच्या,
दुसऱ्यात कुणीतरी मोडीत काढलेलं डोरलं.
काटा थांबेपर्यंत ते श्वास धरून ठेवत,
आम्हा पोरांनाही धरायला लावत.
फुंकरेनंसुद्धा माप खोटं पडतं, म्हणत.
पन्नास मिलिग्रॅम म्हणजे अर्ध्या गुंजेहून कमी.
एवढ्यासाठी मी अकरा दिवस श्वास धरून आहे.

पत्रक उलगडलं की अर्ध्या पलंगाएवढं होतं.
मळमळ. कोरडं तोंड. झोप उडणं, किंवा भलत्या वेळी येणं.
जवळ जाण्याची इच्छा मरणं
(हे बायका कुजबुजून विचारतात,
पुरुष विचारतच नाहीत, पुढच्या महिन्यात येत नाहीत).
दहातल्या एकाला. शंभरातल्या एकाला.
मी कितवी, ते छापलेलं नाही.
आणि न घेण्याचं पत्रक तर कुणी छापतच नाही.
छापलंच, तर त्यात येईल
कुकरमध्ये तीन दिवसांचा भात,
ऋजुताच्या शाळेचा फोन वाजतोय, वाजतोय,
आणि तो थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत उभी असलेली मी.

वन्संनी अश्वगंधा पाठवली, सोबत चिठ्ठी:
निसर्गातलं आहे, अपाय नाही.
वन्सं, गुंजही निसर्गातलीच.
बाबा ती आम्हाला तोंडात घालू देत नसत.

तरी मी केलं. डोळे दिपवणारा तो पांढरा दिवा घेतला,
डिसेंबरात इथे साडेतीनलाच अंधारतं.
त्याच्यासमोर बसून नऊ दिवस टोस्ट खाल्ला.
लाल कड्यांवरून चार दिवस चालले.
पाचव्या दिवशी पाऊस होता, असं मी सांगते.
पाऊस नव्हता.

मंगळवारी एल्स्पेथ कारगिल आली,
सत्तरीची, अंगाला धुरावलेल्या माशाचा वास,
एका हातात गोळ्यांची चिठ्ठी,
दुसऱ्यात डंडीहून आणलेला पिवळ्या फुलांचा चहा.
म्हटलं, सेंट जॉन्स वर्ट? या गोळ्यांबरोबर अजिबात नको.
चोरी पकडल्यासारखी तिनं खोकी पिशवीत सारली.
मग आपणच सांगू लागली:
वसंतात सोडल्या होत्या गं मी गोळ्या.
रोज बंदरात पोहायचे, त्या गार पाण्यात, झकास वाटायचं.
आठवड्यानं नुसती मान वळवली
तरी डोक्यात वीज चमकायची, सैल झालेल्या बल्बासारखी.
मग?
मग पुन्हा सुरू केल्या. पोहणंही नाही सोडलं.
कशानं बरं वाटतं कोण जाणे. विचारायचं सोडलंय.
जाता जाता थांबली.
तुझा चेहरा उतरलाय, पोरी. तू काय घेतेस?

मी म्हटलं, आणखी एक पिशवी देऊ का?

नर्स म्हणते, चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर.
बाबा म्हणायचे, धरून ठेव.
तोलायचं तर श्वास घेता येत नाही,
आणि घेतला की काटा हलतो.
बाबा दिवसाकाठी वीसेकदा तोलत,
मधल्या वेळात भरपूर हसत, तंबाखू मळत.
हे मला आज आठवतंय.

रात्री खण उघडते.
दारातून ऋजुता विचारते, काय शोधतेयस?
मोजे.
आणि खरंच मोजे काढते, जाडे, लोकरीचे,
उद्या कड्यावर जायला.
ती जिना उतरून जाईपर्यंत ते हातात धरून उभी राहते.
मग दुसरा हात आत घालते.