आठवा

"चप्पल चावली" म्हणत तो आप्पांच्या दुकानात शिरला,
सुभाषनगरात, भर दुपारी,
डावा पाय पुढं काढून, भांडायच्या तयारीनं.
आदगोंडा मगदूम. गुळाच्या अड्ड्यावर तोलाईला असायचा,
आता गल्ल्याशेजारी नुसता बसतो,
राजमतीनं त्याला आपलं एक मूत्रपिंड दिलं तेव्हापासून.

आप्पांनी आधी पट्टा वाकवून बघितला,
मग कान, मग वेणी,
पाय सगळ्यात शेवटी.
"माझं पायतान चावत न्हाई.
आन् चावलं तर तांबडं हुतंय.
ह्यो रंग माझ्या कातड्याचा न्हवं."
घोट्याखाली तीन डाग,
वांग्याच्या सालीसारखे,
बोटानं दाबले तरी न फिकटणारे.

तुकडा माझ्याकडं आला, सीपीआरमध्ये,
तांदळाच्या दाण्याएवढा.
मेणात बसला. आप्पांच्या रापीहून पातळ पात्यानं
मी त्याची साल काढली, काचेवर पसरली.
चातीसारख्या निमुळत्या पेशी,
त्यांच्या फटीफटीत अडकलेलं रक्त;
रक्तवाहिनीचं अस्तरच उसवून
वाट्टेल तसं वाढलेलं.
ब्लॉक पुण्याला पाठवला. रंगून आला तेव्हा
केंद्रकात तपकिरी ठिपके,
बाभळीच्या सालीचं पाणी असतं ना कुंडातलं,
तसल्या रंगाचे.

म्हणजे तो होताच आत.
नागीण ज्या कुळातली, त्याच कुळातला आठवा.
कधीतरी लाळेतून आलेला,
कुणाच्या, कुठल्या वर्षी, ते आता कोण सांगणार.
बहुतेकांच्यात तो झोपूनच राहतो,
पहारा जागा असेपर्यंत.
आठवा: हा आपल्याकडं आकडा आहे
आणि आज्ञासुद्धा.

फॉर्मवर एक चौकोन असतो: प्रकार.
भूमध्य समुद्राकाठचे म्हातारे, ज्यांच्या पायावर
तो वर्षानुवर्षं सावकाश सरकतो.
आफ्रिकेतली माणसं, त्यात लहान लेकरंही,
लेकरांच्यात तो थेट गाठींत शिरतो.
मग ज्यांचा पहारा आम्हीच गोळ्या देऊन निजवला,
दुसऱ्याचा अवयव अंगानं परका म्हणू नये म्हणून.
आणि ज्यांचा पहारा एड्सनं मारला.

आदगोंडानं एवढंच विचारलं, दार लोटून घेऊन,
"म्हंजे तसलं न्हवं न्हवं?"
ती तपासणी निगेटिव्ह होती. सांगितलं.
त्यानं सोडलेला श्वास मला आवडला नाही.
माझ्या खणात शिरोलीच्या फाउंड्रीतल्या
एका पोराची काच आहे.
त्याचा रिपोर्ट न्यायला कुणी आलं नव्हतं.

मी दोन्ही काचा शेजारी ठेवून बघितल्या.
त्याच चात्या, त्याच फटी, तेच रक्त.
नावं झाकली तर मलाही सांगता येणार नाही
कुठली कुणाची.
प्रकार पेशीत नसतो,
तो बाहेरून चिकटवायचा असतो, माणसाच्या गोष्टीवरून.
आमच्या गल्लीला याचं नवल नाही.
मी चौकोनात लिहिलं: तिसरा.

आता गोळ्या बदलल्यात, कमी केल्यात.
डाग फिकट पडतायत, क्रिएटिनिन थोडं चढतंय.
राजमती दर सोमवारी दोन्ही आकडे
कॅलेंडरवर शेजारी शेजारी लिहिते,
दुधाच्या हिशेबाखाली.
काय जाईल, काय राहील,
माझ्या काचेत दिसत नाही.

आप्पांनी परवा पायांच्या मापांचं बिंडोळं सोडलं,
गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून
पेन्सिल फिरवून काढलेली मापं, वीसेक वर्षांची.
आदगोंडाचा मागच्या दिवाळीचा कागद काढून मला दिला.
डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच फुगलेला.
घोट्याखाली एक बारीक गोल,
आणि आप्पांच्या वाकड्या अक्षरात:
हितं पट्टा लागू देऊ नये.