चौदावा डबा

कापूस विकून झाला की माघात तंबू यायचा
बोरखेडीच्या बाजारओट्यामागे.
मधोमध दोरी : इकडे बाया, तिकडे बाप्ये,
आणि दोरीखालून ये-जा करणारी आम्ही पोट्टी,
कोणाच्याच बाजूची नसलेली.

पहिले दोन दिवस देवाधर्माचे खेळ.
तिसऱ्या रात्री टोळीवाल्यांचा.
त्या दिवशी जिनातल्या बाया लवकर भाकरी थापायच्या.
गिरजामावशी केसांतली रुई झटकत यायची,
बसायला पोतं, पदरात फुटाणे.

समुद्र आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता.
अडाण नदी पाहिलेली, तीही माघात गुडघ्याएवढी.
गोदीवर रात्री उतरणाऱ्या पेट्या,
कंदील हलवून दिलेली खूण, धुक्यातून येणारी होडी,
हे आम्ही पोथीतल्यासारखं ऐकून घेतलं.
सोन्याच्या विटांवर मात्र विश्वास बसला नाही,
फार सारख्या होत्या.
आमच्या भट्टीतली एक वीट दुसरीसारखी नसे.

मग तो यायचा, पांढऱ्या कोटात.
ऑपरेटर हबीबचाचा भिंग पुसायचा
तेव्हा त्याच्या तोंडावरून एक भलंमोठं बोट जायचं.
तो हलायचा नाही.

मावशी म्हणायची, "मानूस वाईट हाय.
पन बोलते कसा हयू हयू!"

हे मला फार उशिरा कळलं.
आमच्याकडे राग म्हणजे आवाज.
मुकादम काट्यावर ओरडायचा, मास्तर ओरडायचे,
मावसा ताट फेकायच्या आधी, फेकताना
आणि फेकून झाल्यावरही ओरडायचा.
आणि हा, ज्याच्या नुसत्या बघण्यानं माणूस नाहीसा व्हायचा,
समोरच्याला आधी विचारायचा : जेवलास का?
वाटणी टेबलावर, सगळ्यांदेखत,
मेलेल्याच्या बायकोचा वाटा पहिला बाजूला.
त्या वेळी दोरीच्या अलीकडे
कोणी फुटाणे खात नसे.

एका साली डबा आलाच नाही.
अमरावतीहून मूर्तिजापूर, तिथून शकुंतला;
दारव्ह्याला तेरा उतरले, चौदावा
कुठल्याशा फलाटावर राहिला,
कोणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यामागे.
तो जिना चढत होता, खाली पोलिसांच्या गाड्या,
आणि एकदम नुसतं पांढरं कापड.
शिट्ट्या. मग ढेकळं.
हबीबचाचा कंदील घेऊन पुढे आला,
"सकाळच्या गाडीनं येते," म्हणाला.
सकाळी तंबूच उठला.

तर आमच्या गावात तो मेला नाही.
सरकी वेचता वेचता बायांनी त्याला
एका गच्चीवरून दुसरीवर नेलं,
कोणी होडीत बसवलं, कोणी साधू केलं.
मावशीचं वेगळंच : तो शकुंतलेनं आला,
दारव्ह्याला उतरून आधी पाणी मागितलं,
कोट घडी करून पेटीत टाकला,
आता दिग्रसकडे दोर विकतो.
बाजारात एखादा उंच, हळू बोलणारा दोरवाला दिसला
की ती भाव न करता दोर घ्यायची.
घरात खुंटीखुंटीला दोर.
बैल एकही नव्हता.

गेल्या दिवाळीत मोबाईलवर तो सिनेमा सापडला.
रंग विटलेले, मारामारी हसू येईल अशी,
गोळी सुटायच्या आधीच एकाच्या सदऱ्यावर डाग.
मावशी बाजेवर, एका डोळ्यात मोतीबिंदू.
जिना आला. मी विचारलं, "लावू का पुढचं?"
तिनं फोन हातात घेतला, उलटा करून
मागच्या बाजूनं पाहिला.
"मेला असता
तं मले कोनी सांगाले आलं नसतं का?"

आणि फोन पदराखाली घेतला.
आत गोळ्या वाजत राहिल्या, बारीक,
खापरात लाह्या फुटाव्या तशा.
त्या थांबेपर्यंत ती दाराकडे बघत होती.
मग अगदी हळू,

"जेवली का वं तू?"