खुडूक

सकाळी कारखान्याची बस मला लोटलीच्या वळणावर उतरवते.
अंगाला औषधी गोळ्यांचा वास,
डोळ्यांत रात्रभरच्या ट्यूबलाइटी.
नऊच्या सुमारास डोळा लागतो न लागतो
तोच गडग्यापलीकडे
एर्मेलिंदाची मानकापी अंडं घालते.

घालते ते घालते, पण केवढा गाजावाजा!
कक्-कक्-कक्-कडाक्,
जणू पृथ्वीवर पहिलंच.
मग बाकीच्या सहा जणी साक्षीला उभ्या राहतात
आणि कमांडांत नावाचा तो कोंबडा,
ज्याचा या कामात वाटा म्हणावा तर ओझरता,
नारळाच्या ढिगावर चढून
स्वतःचंच अभिनंदन करतो.

कानात कापूस घालून पाहिला.
पंखा पाचावर.
उशी डोक्याखालची डोक्यावर.
गडग्यावरून दोनदा सांगूनही झालं.
"तिका तोंड आसा मरे," ती म्हणाली, "हांव कितें करूं?"

शेवटी पंचायतीत अर्ज दिला.
सविनय. विषय : कोंबड्यांचा उपद्रव.
कारकुनाने वाचला, ओठ दाबले,
आवक क्रमांक घातला.
फेस्त झाल्यावर बघू म्हणाला.

अर्जात एक गोष्ट लिहिली नव्हती.
मानकापी कधीमधी गडगा ओलांडते,
माझ्या न्हाणीमागे
शिलाई मशीनच्या लाकडी झाकणात बसते
(तिलूने डिचोलीला जाताना मशीन नेलं, झाकण राहिलं),
आणि तिथे जे ठेवून जाते
ते मी उकडून खातो. मीठ, मिरी.
टरफलं पेपरात गुंडाळून
वेर्ण्याला कारखान्याच्या डब्यात टाकतो.

एका मंगळवारी जाग आली ती थेट दुपारी दोनला.
आधी वाटलं, घड्याळ बिघडलं.
न्हाणीमागे गेलो तर झाकणात ती,
पसरलेली, फुगलेली, डोळे अर्धे मिटून.
हात पुढे केला, तर बोटावर चोचीने सही केली.
खुडूक.
खाली किती, ते मोजू दिलं नाही.
म्हणजे माझ्या खाण्यातूनही तिने शिल्लक टाकली होती.

संध्याकाळी पलीकडून हाका. ब्या-ब्या-ब्या.
पोर्तुगीजमध्ये मोजणी, सहाशी येऊन अडणारी.
मग सांत आंतोनीला मेणबत्ती, हरवलेलं सापडावं म्हणून.
भिंतीतून सगळं ऐकू येतं.
बोटीवरच्या मुलाला रात्री विचारते, जेवलास का,
तेही.
मी गप्प राहिलो.
कोंबडी गेली असती, अर्ज गेला असता
आणि टरफलांचा विषय निघाला असता.
तिसऱ्या दिवशी हाका थांबल्या.
मुंगसावर आळ गेला असावा, असं मी धरून चाललो.

तांदळाच्या कण्या ठेवू लागलो. डबीच्या टोपणात पाणी.
बसमधून उतरलो की पाय आपोआप झपझप.
बूट काढायच्या आधी न्हाणीमागे.
ती माझ्याकडे बघायची
एका डोळ्याने,
घरमालकीण भाडेकरूकडे बघते तशी.

एकविसाव्या दिवशी पोटाखालून चिवचिव आली.
मी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला
आणि गडग्यावरून नव्हे,
फाटकातून एर्मेलिंदाकडे गेलो.
ती पायरीवर बसून झावळीचे हीर सोलत होती.
मी सुरुवात केली : "तुमची ती..."
"जाणा हांव," मान वर न करता म्हणाली.
"तुज्या घरांत दिसाक कोण उलयना. म्हूण थंय बसली."
सुरी चालूच.
"कितलीं?"
"आठ."
"आनी तांतयां? रुचलीं?"

मी बागेतल्या क्रुसाकडे बघत राहिलो.
तिने एक हीर उचलून उजेडात धरला,
वाकडा होता, बाजूला टाकला.

रात्रपाळीला निघण्याआधी तिलूचा फोन.
भाऊ रविवारी येतोय, झाकण काढून ठेव.
म्हटलं, झाकण एवढ्यात देता येणार नाही.
का?
जरा... माणसं आहेत त्यात.
ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.
मग म्हणाली,
हा मागे कसला कालवा?