तीन कलमं

नक्कल करायला मला बसवलं तेव्हा
लिस्बनमध्ये डिसेंबर होता,
खिडकीच्या फटीतून नदीचा खारट वारा
आणि दौतीतली शाई थंडीनं जडशीळ.

एवढासा तह!
दोन राज्यांची सोयरीक म्हणजे
पानंच्या पानं असतील, मानपान, रुसवेफुगवे,
असं मला वाटलेलं. निघाली तीन कलमं.
त्यांचं लोकरी कापड आमच्या बंदरात उतरेल.
आमची द्राक्षाची दारू त्यांच्या बंदरात,
फ्रेंच दारूवर जी जकात, तिच्याहून तिसरा हिस्सा कमी.
आणि दोन महिन्यांत शिक्कामोर्तब.
संपलं.
माझ्या बहिणीच्या लग्नाची यादी याहून लांब होती,
तिच्यात दोन शेळ्यांची नावंसुद्धा होती.

मी कोविल्यां गावचा.
वर डोंगर, खाली दोन ओढे,
ओढ्यांच्या काठी कापड तुडवायच्या गिरण्या,
रात्रभर धप् धप्, त्या थांबल्या की पोरं जागी व्हायची.
बाप रंगारी. बेल्शियोर त्याचं नाव.
काळ्या रंगासाठी मायफळं कुटायचा,
लोखंडाचा गंज घालून काहिलीत उकळायचा,
हात मनगटापर्यंत कायमचे काळे.
रविवारी चर्चची पायरी चढताना
ते तो पाठीमागे बांधून घ्यायचा.
असल्या हातांनी मी जगणार नाही म्हटलं,
पाद्र्यापाशी लॅटिन घोकलं, राजधानी गाठली.
आणि ही शाई,
तीच मायफळं, तोच गंज.
नखांत शिरली की महिना महिना निघत नाही.

पहिल्या कलमात एक शब्द आहे.
आमचे महाराज कबूल करतात, स्वतःच्या नावानं
आणि मागून गादीवर येतील त्या सगळ्यांच्या नावानं,
सदासर्वकाळ.
तिथं मी लेखणी उचलली.
चंद्रसूर्य असेतो म्हणजे नेमके किती दिवस?
शेजारच्या मेजावरून ग्रेगोरियु म्हणाला,
"लिही रे. सदासर्वकाळ म्हणजे पुढच्या लढाईपर्यंत."
तो हसला. मीही हसलो.

थेंब पाडावा असं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू.
लोकर या शब्दावर, नेमका.
कागद फुकट गेला असता,
मला शिव्या बसल्या असत्या,
दिवेलागणीला मी तोच मजकूर परत लिहीत बसलो असतो.
थेंबानं कुठं गलबत अडतं?
शिवाय अक्षर माझं सुरेख आहे.
त्या दिवशी तर मोत्यासारखं उमटलं.
खाडाखोड नाही, एक कानामात्रा इकडची तिकडे नाही.
वरिष्ठांनी कागद उजेडात धरला
आणि दोन नाणी जास्तीची दिली.

नऊ वर्षांनी गावी गेलो.
अंगावर गर्द निळा झगा, इंग्रजी कापडाचा.
स्वस्त पडला. खरंच स्वस्त पडला.
ओढे दोन्ही वाहत होते,
धप् धप् मात्र एकाच काठावरून.
बापाच्या काहिलीत कुणीतरी कोबी लावलेला.
व्हियोलांतचा नवरा दोउरूच्या खोऱ्यात गेलेला.
"तिकडे डोंगरांना पायऱ्या पाडतायत," ती सांगत होती,
"राय उपटून वेली लावतायत. टोपल्या वाहून पाठ गेली त्याची,
पण पैसे येतात, मागापेक्षा बरे येतात."
तहाचं तिला ठाऊक नव्हतं,
किंवा असेलही. मी विचारलं नाही.

बोलता बोलता तिनं माझ्या झग्याचा काठ
खिडकीपाशी ओढला,
अंगठा आणि बोटाच्या मध्ये चुरगाळून पाहिला,
नखानं धागे मोजले, ओठ हलवत,
आई मोजायची तसे.
"वीण चांगली आहे," म्हणाली.
आणि जरा वेळानं, साळणीच्या आवाजात,
"रंग टिकायचा नाही. दोन हिवाळे फार तर.
बाबांचा टिकला असता."

मी हात पाठीमागे बांधले.
तिनं नवऱ्यानं पाठवलेली लाल दारू ओतली,
पेला पुढे केला,
तेव्हा सोडावे लागले.