बरणी नंबर सतरा

बावीस वर्षं झाली, आडगावच्या कॉलेजात
मी मेंदू धुतो.
हसू नका. कुणीतरी धुवावेच लागतात.
फॉर्मलीन बदलायचं, काचा पुसायच्या,
लेबल सुटलं की डिंकाने पुन्हा चिकटवायचं.
बेदमुथा मॅडम पोरांना दाखवतात,
कानशिलाच्या आत, इथे, बघा, बदामाएवढं;
चिमट्याचं टोक जिथे टेकतं
तिथे मला तरी आजवर काही वेगळं दिसलेलं नाही.
फुलकोबीच्या दांड्यासारखं फिकट.
भीती म्हणे इथे राहते.

मग तो पौष. मखमलाबादचा पाट,
पहाटेचे पावणेसहा, लाइट गेलेली,
सायकलला डबा अडकवलेला.
पाय थांबले.
मी थांबवले नव्हते, हे आधी लिहून घ्या.
ब्रेक दाबले गेले, मानेवरचे केस उठले,
तोंडातली सुपारी लाकडाचा तुकडा झाली,
पोटाने आतड्यांची मूठ वळली,
आणि मी अजून डब्यातल्या भाजीतच.
मेथी की शेपू.
त्यानंतर, बऱ्याच नंतर,
म्हणजे एका श्वासाएवढ्या नंतर
मला कळलं, बांधावर जे बसलंय
त्या द्राक्षबागेच्या ताडपत्रीला
कान आहेत.

मॅडमना विचारलं.
म्हणाल्या, डोळ्यांकडून दोन रस्ते निघतात, शेवरे.
मी म्हटलं, समजलं. एक द्वारकेवरून.
सिग्नल, रिक्षा, ट्रकांची रांग,
सगळं नीट वाचून, ओळखून, सही घेऊन पोचणारा.
दुसरा गल्लीतला.
गटारावरून उडी, कुणाच्यातरी अंगणातून,
धापा टाकत येऊन दार बडवणारा पोरगा:
काय आहे माहीत नाही, पण पळा!
मॅडम हसल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात
त्यांनी तेच सांगितलं.
माझं नाव नाही घेतलं. असू दे.

तो उठला, आळस दिल्यासारखा.
पाटाचं पाणी एकदा हुंगलं
आणि उसात गेला. ऊस हलला,
मग हलायचा थांबला.
एवढंच. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

पण पोरगा काही ऐकेना.
रविवार कारंज्यापाशी ठिपक्यांची चादर वाळत होती,
त्याने दार बडवलं.
पंचवटीत मांजर कठड्यावरून उतरलं, बडवलं.
पुतणीच्या हळदीला समोरच्या बाईचा पदर पाहून
मी भरल्या ताटावरून उठलो.
लोक म्हणाले, शेवऱ्याला काय चावलं?
द्वारकेवरून निरोप यायचा,
चादर आहे, मांजर आहे, बाई आहे.
यायचा.
तोवर छातीत ढोल संपून ताशा सुरू झालेला.

आता बरणी नंबर सतरा उघडतो तेव्हा
जरा वेळ ते ओझं हातात धरून उभा राहतो.
कुणाचा, वहीत नाही.
पुरुष, अंदाजे साठ, बेवारस.
ह्याचा पोरगा कशासाठी दार बडवायचा?
पोलिसाची काठी, गोदेचा पूर, बाप,
की भर बाजारात कुणी नावाने हाक मारली तर?
फॉर्मलीनने घड्या तेवढ्या जपल्यात.
बडवण्याचा आवाज कुठे गेला
ते मॅडमनाही सांगता येणार नाही,
म्हणून विचारत नाही.

घरी सुगंधा. तिने बिबट्या पाहिलेला नाही.
त्या दिवशी मी सांगत होतो
तेव्हा माझं तोंड पाहिलं,
तेवढं तिला पुरलं.
आता रोज अंधारात पाटापर्यंत येते, बॅटरी घेऊन.
तुम्ही जा, म्हणते, मी उजेड धरते.
वळण येईपर्यंत
तो उजेड माझ्या पाठीवर असतो
आणि पुढे रस्त्यावर पडलेली माझी सावली
तिच्या हाताइतकीच
थरथरत असते.