घरातलं एक धरून

अप्पांची वही एकच होती.
नगरपालिकेची वेगळी, घरची वेगळी असं कधी नव्हतंच.
निळा पुठ्ठा, कोपरे तेलकट,
पाठीला दोऱ्यानं बांधलेला पेन्सिलीचा तुकडा.

आमच्यात बसवून पुरतात.
अप्पाही बसले, पाठ ताठ, मांडी घालून,
कोरम व्हायची वाट बघत बसायचे तसे.
फक्त या वेळी कुणाला फोन लावा म्हणाले नाहीत.

शिवगणाराधना झाली, पाहुणे सोलापूरच्या गाडीनं गेले,
तेव्हा मी वही उघडली.

*कोष्टी गल्ली, खांब नऊ, बल्ब गेला.*
*महानंदाचे बूट. चार नंबर होतो, पाच घ्यावा, पाय वाढतोय.*
*खाटीक आळीचा व्हॉल्व्ह गळतोय. वायसर.*
*बाजारातल्या मुतारीचा ठराव परत मांडणे.*
*शेंगा दोन किलो, चटणीला.*
*रेवणसिद्ध गणितात नापास. रागवायचं नाही. बसायचं त्याच्याजवळ.*

दाखला मागायला माणूस कुठंही गाठायचा,
एस्टी स्टँडवर, न्हाव्याच्या खुर्चीत, मयतीला सुद्धा.
शिक्का खिशात. टेबल म्हणून त्याचीच पाठ.
‘वाक जरा’ म्हणायचे, आणि कागद ठेवून सही.
अर्ध्या गावाच्या कपाटात आज जी गुरुपादप्पा म. निंबाळ आहे,
ती मधेच हलते,
कुणीतरी श्वास घेतलाय तिथं.

आमचं घर चढावर. नळाला पाणी सगळ्यात शेवटी,
करंगळीएवढं.
अव्वा घागर आपटायची.
‘अध्यक्षाच्या घरी आधी पाणी आलं,
तर लोक नळ सोडून मला पिळतील,’ म्हणायचे,
आणि पहाटे चारला, ती उठायच्या आत,
सायकलला चार कळशा लावून हापशावर.
हापशाचा आवाज अजून माझ्या झोपेत आहे.
तेल घालायला हवं होतं त्याला.
तेही वहीत आहे, तीनदा.

कडक भाकरीचं कौतुक बाहेरच्यांना.
आमच्याकडं भाकरी मऊच व्हायची,
अप्पांची वाट बघून बघून कडक व्हायची.
रात्री अकराला ते ती मोडत,
आवाज होऊ नये म्हणून टॉवेलात धरून.
आम्ही जागेच असायचो.

परवा अव्वा बोलली.
टीव्ही चालू होता, ती लसूण सोलत होती.
‘ते पडले त्या वर्षी मी कपबशीवर शिक्का मारला नाही.
छत्रीवर मारला.’
मी बघतच राहिले.
‘माणूस घरी यावा म्हणून गं,’ म्हणाली,
आणि पुढची पाकळी घेतली.
बत्तीस वर्षं. कुणाला नाही सांगितलं.
देवाला सुद्धा नाही म्हणे, तो त्यांच्या ओळखीचा.

रात्री मी ते पान शोधलं.

*सात मतांनी पडलो. घरातलं एक धरून.*
*संध्याकाळी भाकरी गरम होती.*
*खांब नऊ, बल्ब अजून नाही.*

एवढंच. खाली रेघ नाही, काही नाही.
कसं कळलं त्यांना, कोण सांगणार.
ते पुढं चौदा महिने रोज दिवेलागणीला घरी आले,
माझ्या वेण्या घातल्या, एक वर एक खाली,
रेवणसिद्धजवळ बसले, अपूर्णांक स्वतःच आधी शिकले,
आणि पोटनिवडणूक लागली तशी
अव्वानंच त्यांचं धोतर निळीत घातलं.

अव्वाला वाचता येत नाही.
आता दुपारी ती भिंतीला टेकते, मी वही वाचते,
व्हॉल्व्ह, बूट, शेंगा, ठराव.
काल त्या पानाशी आले
आणि आवाज न थांबवता पुढं गेले.

‘दोन पानं एकदम उलटलीस की गं,’
ती म्हणाली.