ढकलकाठी

कोपरखैरण्याच्या रो-हाउसात, जिन्याखाली
स्कूटर असायची तिथे आता करवत आहे.
बाह्या कोपरावर. अंगठी खिळ्याला.
हातमोजे नाहीत :
पातं आधी मोजा धरतं, मग आतला हात.

पातं फळीच्या वर नखभर.
उभं राहायचं ते रेषेत नाही, जरा बाजूला.
उलटून येणारी फळी हाक मारत नाही.

परवा ऐन कापात वीज गेली.
पातं मंदावत गेलं,
दात मोजता येतील इतकं, मग थांबलं.
अडकलेली ढलपी काढायला मी बोटं पुढे केली
आणि आठवलं, बटण चालूच आहे.
प्लग उपटला. भिंतीला टेकलो.
तेवढ्यात शेजारचा फ्रीज घुरघुरला,
वरून सुलभा ओरडली, "आली!"

रबाळ्याच्या वखारीतल्या वामन मेस्त्रींनी
ढकलकाठी दिली तेव्हा सांगितलं होतं फक्त,
"हिला चावू दे."

सागाची आहे. नाकावर सतरा चावे.
रात्री शटर ओढण्याआधी ते मोजतो,
मग बोटं.
दहा.
अंगठी खिळ्यालाच राहते बहुतेक वेळा,
सुलभा आणून ठेवते ताटाशेजारी,
काही न बोलता.